विस्तवाला कसला विटाळ?

दिवाळी अंकात संडासावरचा लेख! वाचकांच्या पुढ्यात चिवड्याची बशी असणार, करंजीचा तुकडा हातात असणार, आणि अशा मंगल वेळी कुणी एक म्हातारा मैल्याच्या गोष्टी सांगू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे असे घरच्या कर्त्या बाईला वाटले, तर मी तिला दोष देणार नाही. पण वाचकहो, जरा विचार करा. ज्या दिवशी आपण पहाटे उठून उटणे लावतो आणि पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडतो, त्या दिवसाचे नाव काय? नरकचतुर्दशी. नरकाचे नाव घेतल्याशिवाय ज्यांना आंघोळसुद्धा करता येत नाही, त्यांनी वर्षातून एकदा त्या नरकाचा जमाखर्च ऐकून घ्यायला काय हरकत आहे? आणि त्याच्या आधी येते ती वसुबारस. त्या दिवशी आपण गाईला ओवाळतो, आणि तिच्या शेणाबद्दल कुणाला काही वाटत नाही. वसुबारस आणि नरकचतुर्दशी यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेवढ्याच अंतराचे हे भांडण आहे.

मी मूळचा पोलादपूर तालुक्यातला. नोकरीची बत्तीस वर्षे नळ आणि गटारे यांत गेली. आता महाडला असतो. जन्मभर लोकांना पाणी पोचवण्याचे काम केले, आणि ते पाणी वापरून झाल्यावर कुठे जाते हा प्रश्न मला माझ्या वरिष्ठांनी फारसा विचारला नाही. नागरिकांनी तर कधीच नाही. नळाला पाणी आले नाही की मोर्चा येतो. गटाराचे पाणी ओढ्यात, ओढ्याचे सावित्रीत, सावित्रीचे बाणकोटच्या खाडीत गेले, तर मोर्चा कुणाकडे न्यायचा?

माझे म्हणणे साधे आहे. आपल्या घरातून, वसतिगृहातून, एस. टी. स्टँडावरच्या संडासातून जे रोज वाहून जाते, त्यात विस्तव आहे. तो काढता येतो, आणि तो काढला नाही तर तोच वायू कुठे माणसाचा जीव घेतो, कुठे हवेत जाऊन पृथ्वी तापवतो. तो काढण्याची विद्या नवी नाही, महागही नाही. अडते ते एका शब्दापाशी. तो शब्द म्हणजे 'शी!'

आमच्या भाषेला हे पूर्वीच कळले होते. मनुष्याच्या मैल्याच्या खताला मराठीत काय म्हणतात? सोनखत. ज्या शेतकऱ्याने हा शब्द घडवला त्याला रसायनशास्त्र येत नव्हते, पण भाजीचा वाफा कशाने फुलतो हे दिसत होते. आपण शिकलो, इंग्रजी शाळेत गेलो, आणि 'सोन' गाळून टाकून नुसते नाक धरायला शिकलो.

आता हा विस्तव निघतो कसा, ते सांगतो. मैला, शेण, उष्टे-खरकटे असे काहीही ओले आणि कुजणारे, हवा लागणार नाही अशा बंद टाकीत ठेवले, की त्यात सूक्ष्म जीवांच्या तुकड्या कामाला लागतात. पहिली तुकडी मोठे पदार्थ तोडते. दुसरी त्यांची आंबट द्रव्ये करते. आणि शेवटची तुकडी त्या आंबट द्रव्यांतून मिथेन नावाचा वायू करते. ही शेवटची मंडळी पृथ्वीवरच्या अतिप्राचीन जीवांपैकी आहेत. हवेतला प्राणवायू म्हणजे त्यांना विष. गाईच्या पोटात तीच आहेत, भातखाचराच्या चिखलात तीच आहेत. इटलीतल्या व्होल्टाने १७७६ साली मॅजोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळून बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेटवून दाखवले, तेव्हा तोही याच मंडळींचा प्रताप होता. जो वायू निघतो त्यात शंभरात पंचावन्न ते पासष्ट भाग मिथेन, बाकी बहुतेक कर्बवायू, आणि सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड किंचित. पेटवला की निळी ज्योत. ती ज्योत शेणातून आली की मैल्यातून आली, हे जगातला कोणताही रसायनशास्त्रज्ञ ज्योतीकडे पाहून सांगू शकणार नाही. भटजींना मात्र ते सांगता येते.

इंग्लंडातल्या एक्झिटर शहरात १८९५ साली मैल्याच्या टाकीतला वायू धरून दिवे लावले गेले. आणि आपल्याकडे? आपल्या मुंबईतच, माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात, १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांना वायू धरण्याची सोय केली होती आणि त्या वायूवर एंजिन चालवले जाई, अशी नोंद आहे. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. ज्यांना आपण घराबाहेर काढले, ज्यांच्या सावलीची भीती बाळगली, ज्यांच्या हातचे पाणी वर्ज्य केले, त्यांच्या मैल्याने आपल्या देशात पहिल्यांदा यंत्र फिरवले! आणि आपण सव्वाशे वर्षांनंतर अजून नाकाला पदर लावून उभे.

पुढे १९३९ साली दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत सं. वि. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेलांनी तरंगत्या टोपीचा 'ग्रामलक्ष्मी' नावाचा संच सिद्ध केला, आणि १९६० नंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगाव नेला. वायू साठला की लोखंडी टोपी वर येते, जाळला की खाली बसते. गॅस किती शिल्लक आहे ते शाळकरी पोरालाही अंगणातून दिसते. गोबर गॅस मराठी माणसाने आपला मानला, सरकारने अनुदान दिले, पुढाऱ्यांनी नारळ फोडले. पण त्याच संचाच्या तोंडाला संडासाचा पाइप जोडा म्हटले की सगळे मागे सरतात.

इथे महाडकराने तरी गप्प बसू नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आमच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते तळे सर्वांना खुले आहे असा ठराव नगरपालिकेने त्याआधीच केलेला होता. म्हणजे कायद्याने जे मिळाले होते तेवढेच घ्यायला हजारो माणसे आली होती. त्यानंतर गावातल्या पवित्र मंडळींनी काय केले? तळे बाटले म्हणून १०८ घागरी पाणी उपसले, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी मंत्रघोषात तळ्यात बुडवून ते 'शुद्ध' केले. जनावराच्या विष्ठेने पाणी शुद्ध होते, आणि माणसाच्या स्पर्शाने बाटते! हा हिशेब ज्या गावाने एकदा जगाला दाखवला, त्या गावाने मैल्याच्या वायूला नाक मुरडताना आपण कुणाच्या ओळीत बसतो आहोत हे पाहावे. मैल्याची किळस ही काही केवळ नाकाची बाब नाही. तो मैला शतकानुशतके कुणी डोक्यावरून वाहिला, हे त्या किळसेच्या पोटात आहे. आपल्याला घाण नको होती, म्हणून ती वाहणारा माणूसही नको झाला.

कुणी म्हणेल, हे फार झाले. स्वयंपाकघरातल्या बाईला किळस येते ती काही मनुस्मृती वाचून येत नाही. खरे आहे. आमच्या वहिनींचेच सांगतो. माझ्या चुलतभावाच्या घरी, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, गोठ्यामागे गोबर गॅसची टाकी होती. गुरे कमी झाली. पोरे मुंबईला, गवत कापायला माणूस नाही, दोनच गाई राहिल्या. एक घनमीटर गॅसला पंचवीस किलो शेण लागते, आणि आमच्या डोंगरातल्या किडकिडीत गाईचे शेण ते किती! टोपी वर येईना. मी म्हटले, संडासाचा पाइप टाकीला जोडू. वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, देवाचा नैवेद्य त्याच्यावर शिजवायचा? मेल्यावर मला काय उत्तर द्यायचंय ते तुम्ही देणार का?"

"वहिनी, नैवेद्य सिलिंडरवर करा. चहा याच्यावर करा."

"आणि पाहुण्यांना सांगायचं काय?"

"सांगायचं, गोबर गॅस आहे म्हणून."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, पण भावाने पाइप जोडला. पहिले आठ दिवस वहिनींनी त्या शेगडीकडे पाहिले नाही. नवव्या दिवशी सिलिंडर संपला, गाडी घाटात अडकलेली, आणि दारात व्याही. चहा झाला. पुढे आंघोळीचे पाणी झाले. नंतर भात झाला. नैवेद्य अजूनही सिलिंडरवर होतो, आणि माझी त्याला बिलकुल हरकत नाही. देवाला सिलिंडर परवडतो.

वहिनींचा राग मला समजतो. समजत नाही तो शिकल्यासवरल्या माणसांचा. एका वसतिगृहाची हकीकत सांगतो; नाव सांगत नाही, कारण तसली वसतिगृहे एक नाहीत. शंभरावर मुले. संडासांना जोडून गॅसची टाकी बांधली गेली, उद्घाटन झाले, फोटो निघाले. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, मी यावर भाकरी टाकणार नाही. चालकांनी काय करावे? बसून बोलावे, स्वतः त्या शेगडीवर केलेला चहा मुलांसमोर प्यावा, की नाही? त्यांनी तसे काही केले नाही. उलट त्यांना हायसे वाटले. "बायकाच ऐकत नाहीत हो" असे म्हणून गॅस आंघोळीच्या पाण्याला लावला, पुढे त्याचीही नळी तुटली, टोपीला रंग दिला नाही, खारट हवेने आणि गंधकाच्या वायूने ती जाळीसारखी झाली. मी गेलो तेव्हा टाकीवर दुधी भोपळ्याचा वेल चढवलेला होता. भोपळे उत्तम धरले होते आणि त्यांची भाजी मुले खात होती! त्या भाजीला कुणाचा विरोध नव्हता. भोपळ्यातून आलेला मैला चालतो, ज्योतीतून आलेला चालत नाही. वास्तविक भोपळ्याच्या मुळाशी मैल्याचा प्रत्यक्ष अंश असतो. ज्योतीत तो औषधालाही नसतो. आता बोला!

आता आकडे. कारण या विषयातले उत्साही लोकही काही कमी खोटे बोलत नाहीत. 'आपल्या संडासावर आपला स्वयंपाक' अशी पत्रके वाटणाऱ्यांनी गणित केलेले नसते. एका माणसाच्या रोजच्या मैल्यातून सुमारे एक घनफूट, म्हणजे अठ्ठावीस लिटर वायू निघतो. पाच माणसांच्या कुटुंबाचा झाला सुमारे १४० लिटर. एक साधी शेगडी तासाला चारशे लिटरच्या आसपास खाते. म्हणजे कुटुंबाच्या वाट्याला दिवसाला वीस मिनिटे आली. दोन वेळचा चहा, फार तर दूध तापवणे. एवढ्यासाठी एकट्या घराने टाकी बांधणे वेडेपणाचे आहे, हे मी स्वच्छ सांगतो. गोठा असेल, स्वयंपाकघराचे खरकटे असेल, तर त्यात भर म्हणून संडास जोडावा, एरवी नाही.

पण शंभर मुलांचे वसतिगृह घ्या. दिवसाला पावणेतीन-तीन घनमीटर. एक घनमीटर वायू म्हणजे ढोबळ मानाने ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. महिन्याला झाला चाळीस किलो, म्हणजे १४.२ किलोचे जवळजवळ तीन सिलिंडर. त्यात उष्टे अन्न आणि भाजीचे देठ टाकले तर आणखी. शंभर मुलांचा सारा स्वयंपाक यावर होणार नाही, पण सकाळचा चहा-नाश्ता होईल, आणि वसतिगृहाच्या जमाखर्चाची वही पाहिलेल्या माणसाला दर महिन्याचे तीन सिलिंडर म्हणजे काय हे विचारा.

आणि अख्खे गाव घेतले तर? २०११ च्या शिरगणतीत महाड शहर सत्तावीस हजारांच्या आसपास होते. माणशी शंभर लिटर सांडपाणी धरले तर दिवसाला सत्तावीस लाख लिटर. हे पाणी पातळ असते. त्यातल्या कुजणाऱ्या द्रव्याची गणती लिटरला अर्धा ग्रॅम. एवढ्या पातळ पाण्यातून वायू काढण्याची युक्ती १९७० नंतर हॉलंडमध्ये लेटिंगा यांनी बसवली: पाणी टाकीच्या तळातून हळूहळू वर चढवायचे, आणि मध्ये त्या जीवांच्या गाळाचा एक दाट थर तरंगत ठेवायचा, की पाणी पुढे जावे आणि जीव मागे राहावेत. ही युक्ती थंड मुलखापेक्षा आपल्यासारख्या उष्ण मुलखात जास्त चालते. कानपूरला गंगेच्या योजनेत १९८९ साली तशी टाकी बांधली गेली. या रीतीने दहा लाख लिटरला पन्नास-साठ घनमीटर मिथेन हाती लागतो असे धरले, तर महाडच्या वाट्याला रोज दीडशे घनमीटर. उष्णतेच्या हिशेबाने सुमारे आठ सिलिंडर.

आठ! शहरात चुली असतील पाच-सहा हजार. तेव्हा 'गाव स्वयंपूर्ण होईल' असे कुणी भाषणात म्हणाले, तर त्याला तिथेच थांबवा. मग हा खटाटोप कशाला? माझ्या साऱ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. आपल्याकडे शुद्धिकेंद्रे बांधली जातात ती पाण्यात हवा घुसळणारी. ती चांगली आहेत, पाणी निर्मळ करतात. पण दहा लाख लिटरला दोनशे ते चारशे युनिट वीज सहज खातात. नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली की पहिले बिल थकते ते कशाचे? रस्त्यावरच्या दिव्यांचे थकले तर लोक ओरडतात. घाणपाण्याच्या यंत्राचे थकले तर कुणाला कळतही नाही. यंत्र बंद, पाणी तसेच नदीत. नोकरीत मी अशी बंद पडलेली यंत्रे पाहिली आहेत. चकचकीत पंप, त्यांवर बसलेल्या पाली. ज्या वस्तूतून कुणालाच काही मिळत नाही, तिच्या दारात पहारेकरी बसवला तरी ती मरते. पण त्याच केंद्रातून रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला नळी गेली असेल, तर ज्योत बारीक झाल्या दिवशी तिथली आचारीण नगरपालिकेत येऊन उभी राहील. मला ती आचारीण हवी आहे. गेली सत्तर वर्षे आपण अधिकारी, समित्या, नोटिसा नेमून पाहिल्या. एकदा घाणीला गिऱ्हाईक नेमून पाहू. पहिली वायूची टाकी, आणि तिच्यातून निघालेले पाणी मग हवेच्या टाकीत किंवा तळ्यात शेवटचे निवळायचे. असे केले तर विजेचा खर्चही कमी होतो, कारण घाणीचा मोठा भाग आधीच खाल्ला गेलेला असतो.

कारखान्यांचे पाणी मात्र या टाकीत येऊ द्यायचे नाही. महाडला औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या रासायनिक पाण्यासाठी निराळे सामायिक केंद्र आहे, आणि ते तसेच निराळे राहिले पाहिजे. साखर कारखान्यांच्या आसवन्यांचे पाणी ही वेगळी गोष्ट. ते गोड खाणाऱ्या जीवांचे पक्वान्न आहे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी आसवन्या त्याचा वायू करून बॉयलरखाली जाळतात. औषधे आणि रंगद्रव्ये यांचे पाणी हे अन्न नव्हे, विष आहे. एका रात्री कुणी चोरून टँकर ओतला तर महिन्यांच्या मेहनतीने वाढवलेले जीव मरतात. तशीच गोष्ट घरातली. जिथे टाकी जोडली असेल तिथल्या गृहिणींनी संडासात फिनेल आणि ॲसिड ओतू नये. ब्रश आणि थोडे पाणी पुरते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दिवाळीच्या साफसफाईत कित्येक टाक्यांचा जीव जातो.

एक आक्षेप मात्र मी मानतो, पुराचा. २२ जुलै २०२१ रोजी महाड बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर घराघरांतून जो चिखल निघाला, त्यात नुसती सावित्रीची माती नव्हती. शहरभरच्या सेप्टिक टाक्या उलट्या वाहिल्या होत्या. ज्यांनी तो चिखल फावड्याने काढला त्यांना मैला म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. तेव्हा महाडात टाकी बांधायची तर ती सखल आळीत बांधून चालणार नाही. पूररेषेच्या वर, जोत्यावर, झाकण घट्ट, आणि तरंगत्या लोखंडी टोपीऐवजी पक्क्या घुमटाची. खर्च वाढेल. पण सध्याच्या सेप्टिक टाक्या पुरात काय करतात हे एकदा पाहिल्यावर, खर्च वाढतो म्हणून जुनेच बरे असे कोणी म्हणू नये.

आणि त्या जुन्या टाकीचे काय? तिच्यातही तोच वायू रोज तयार होतो. नळीवाटे तो आकाशात जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या अठ्ठावीसपट पृथ्वी तापवतो. जो आत अडकतो तो वाट पाहत बसतो. टाकी तुंबते, मालक एका माणसाला बोलावतो, पाचशे-हजार रुपये हातावर ठेवतो, तो माणूस झाकण काढून आत उतरतो आणि उतरत्या पायरीवरच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. वर्तमानपत्रात चार ओळी येतात. २०१३ साली कायद्याने हे काम बंद केले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. रक्कम वाढत गेली याचा अर्थ वाचकांनी लावावा. जो वायू शेगडीत आला असता तर आम्ही 'शी!' म्हणालो असतो, तो त्या माणसाच्या छातीत गेला तेव्हा आम्ही काही म्हणालो नाही.

हे सारे बोलून दाखवणारा मी पहिला नव्हे. आमच्या कोकणात अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली ती कसली? मला भंगीकाम करू द्या! सरकारने नाकारले, म्हणून त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचे खत करून, संडासांचे नमुने बसवून दाखवले. त्यांना 'कोकणचे गांधी' म्हणून आम्ही मोकळे झालो; पुण्यतिथीला हार घालतो. देहूचे डॉ. मापुसकर हे दुसरे. तरुण वयात देहूच्या दवाखान्यात आले, जंतांनी पोखरलेली पोरे पाहून औषधाच्या बाटलीऐवजी संडासाच्या मागे लागले, आणि पुढे त्या संडासांना गॅसच्या टाक्या जोडून घरोघर त्यावर शेगड्या पेटवल्या. तुकोबांच्या गावात! २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती मरणोत्तर. देहूच्या वारकऱ्याच्या घरी जे चालते ते महाड-पोलादपूरच्या वारकऱ्याला का चालू नये, हे मला कुणीतरी टाळ बाजूला ठेवून समजावून सांगावे.

मापुसकरांच्या दवाखान्यातल्या जंतांची आठवण निघाली म्हणून एक सावधगिरी. टाकीतून बाहेर पडणारी स्लरी उत्तम खत आहे, पण जंतांची अंडी त्या टाकीत सगळीच मरत नाहीत. ती खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर कुजवून, वाळवून, मगच शेतात घालावी. पालेभाजीवर ओली ओतू नये. आमच्याकडे राब भाजायला शेण आणि कवळे जाळतात. त्यातले निम्मे शेण टाकीत गेले, तर विस्तवही मिळेल आणि खतही उरेल. राबात दोन्ही धुरावाटे जातात. पण राबावर बोलायला लागलो तर संपादक हा लेख होळीच्या अंकासाठी ठेवून देतील.

सुरुवात कुठून करायची, तेवढे सांगतो. घरांपासून नको, वहिनींना सध्या सुखाने राहू द्या. पोलादपूर हे मुंबई-गोवा रस्त्यावरचे, आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याचे गाव. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते, आणि घाट चढण्याआधी प्रत्येक गाडी थांबते. ती कशासाठी थांबते हे मी सांगायला नको. तिथल्या सार्वजनिक संडासाला एक टाकी, आणि शेजारच्या चहाच्या हॉटेलाला तिची नळी. खरकटे हॉटेलाने द्यायचे, वायू हॉटेलाने घ्यायचा, आणि त्या बदल्यात संडास धुऊन ठेवायचे. शिर्डीच्या भक्तांच्या गर्दीसाठी सुलभवाल्यांनी मोठे संडास-संकुल बांधले आणि त्याला गॅसच्या टाक्या जोडल्या. साईबाबांच्या दारी जे झाले ते रस्त्याच्या कडेला व्हायला अडचण नाही. दुसरी टाकी महाडच्या एखाद्या सरकारी वसतिगृहाला. तिसरी चवदार तळ्याच्या सोयींसाठी जी जागा राखाल तिथे, कारण २० मार्चला आणि २५ डिसेंबरला तिथे देशभरातून माणसे येतात, आणि त्या दोन दिवसांत या गावाने त्यांच्यासाठी किती संडास मांडले हा आमच्या आदरातिथ्याचा खरा मापदंड आहे. दोन दिवसांच्या गर्दीवर मात्र टाकीचे पोट भरत नाही. ते जीव रोज जेवणारे आहेत, म्हणून वर्षभर तिला तळ्याजवळच्या भाजीबाजाराचा कचरा लागेल. ती व्यवस्था आधी, बांधकाम मागून.

पोलादपूरच्या त्या हॉटेलाचा मालक शोधायचे काम मी पत्करले आहे. दोघांनी नाही म्हटले. तिसऱ्याने विचारले, "काका, चहाला वास येईल का?" मी म्हटले, "येणार नाही. पण पहिल्या महिन्याचा सगळा चहा मी पितो." तो विचार करतो आहे. जागेचा कागद ग्रामपंचायतीच्या जमान्यापासून कुणाच्या नावावर आहे, तेवढे आता नगरपंचायतीतून काढायचे आहे. तो उतारा भाऊबीज झाली की मागतो.